दसऱ्याला बसवलेली काळी

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

आक्का गेली. गाडीत बसताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. सगळं लक्ष काळीकडे!

काळी म्हणजे तिची खुडूक कोंबडी. मिरजेच्या दवाखान्याला निघालेली बाई, गाडी दारात, माझी बायको राजेश्वरी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी — आणि ही पहाटेपासून भट्टीमागच्या खोलीत पाटीत भुसा पसरून अंडी मांडतेय. अकरा. प्रत्येकावर कोळशाची रेघ, म्हणजे मागाहून दुसरीनं एखादं घातलं तर ओळखू यावं.

"आज दसरा. भाऊबीजेला पिल्लं निघत्याल. एकवीस दिस. तवर मी येतीच."

म्हटलं, "चार दिवसांत येशील. नुसती तपासणी तर हाय."

"व्हय. तरीबी."

घास अडकतो म्हणे. दोन महिने लपवलं. मला वाटलं, वयानं खाणं कमी झालं. माझे कान एवढे तिखट — पावाच्या बुडावर टिचकी मारून आतून कच्चा की भाजलेला ते सांगतो. आणि शेजारी बसून जेवणाऱ्या बहिणीचा अडकलेला घास मला ऐकू आला नाही.

३ ऑक्टोबर

माझ्या ताब्यात आता : बारा कोंबड्या, एक तांबडा कोंबडा, वांगी, मिरच्या, परवा पेरलेला मेथीचा वाफा, आणि भट्टीमागे काळी. सांगलीत विश्रामबागेत बेकरी चालवली, पंधरा माणसं हाताखाली होती. डोळ्यांनी खुणावलं की ट्रे हलायचा. इथं बारा कोंबड्या मला विचारत नाहीत! आक्का नुसती "चला गं" म्हणाली की ओळीनं खुराड्यात. मी अर्धा तास परसात पळालो.

कुंपणापलीकडून हुसेनबी ओरडली, "लालाभाऊ, पळू नगा! त्यास्नी वाटतंय खेळताय!"

हुसेनबीचं नि आक्काचं चाळीस वर्षांचं शेजारपण. भांडण रोज, अबोला एकदाही नाही.

५ ऑक्टोबर

संध्याकाळी सहाला आक्काचा फोन. "कोंडल्या का?" कोंडल्या. "काळीला पाणी?" ठेवलं. "मेथीला लय पाणी घालू नगंस." बरं. तपासणीचं विचारलं तर म्हणाली, रिपोर्ट यायचेत, मी ऋषीच्या घरी आरामात हाय. ऋषी म्हणजे माझा मुलगा ऋषिराज, सांगलीला असतो. बेकरी आता तोच बघतो.

६ ऑक्टोबर

आज एक झकास काम केलं. मोटारसायकलला पाट्या बांधून कोंबड्या विकणारा आला होता. त्यातल्या दोन उचलल्या — सोनेरी मानेच्या, ठसठशीत. गडी चढ्या भावाला अडून बसलेला, शेवटी हसत हसत दिल्या. आक्का आली की खूश होणार!

तिचं माझ्यावरचं देणं असल्या दोन कोंबड्यांनी फिटायचं नाही म्हणा. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती इथलीच झाली. मी नववीत शाळा सोडून सांगलीला बेकरीत ट्रे घासायला लागलो. पुढं स्वतःची भट्टी घातली, ती हिनं अंडी विकून दिलेल्या पैशांवर. पहिला पाव काळाठिक्कर जळला. हिनं चहात बुडवून सगळा खाल्ला. "खरपूस झालाय रं!" म्हणाली.

नव्या दोघींना खुराड्यात सोडलं. बाकीच्यांनी दोन टोचा मारल्या, मग गप्प.

९ ऑक्टोबर

सोनेरीतली एक कोपऱ्यात मान वाकडी करून उभी. घशात खरखर. मी जवळ कान नेला — बारीक शिट्टीसारखा श्वास.

१० ऑक्टोबर

चार मेल्या.

गुरांचे डॉक्टर खंडाळ्याहून आले. बघताक्षणी म्हणाले, मानमोडी. "नवी कोंबडी आणली होती? वेगळी ठेवली होती?"

आक्का नवी कोंबडी आणली की पंधरा दिवस पार परसाच्या टोकाला बांबूच्या डालग्याखाली ठेवते. पंधरा दिवस! मी आयुष्यभर हसलो त्याला. सगळ्या गावाला सांगत फिरलो, आक्काकडं पाहुण्यालाबी आधी डालग्याखाली बसवत्यात.

लसही राहिली होती. हुसेनबीनं गेल्या महिन्यात तिच्या कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. आक्काला तेव्हा बरं नव्हतं. म्हणाली होती, दसरा होऊ दे.

१२ ऑक्टोबर

तांबडा सकाळी गेला. तोच शेवटचा. चुना टाकून जांभळाखाली पुरले सगळे. खड्डा मीच खणला.

राहिली एकटी काळी. वेगळ्या खोलीत, दार बंद, म्हणून वाचली. तिच्याकडे जायचं तर आधी अंघोळ, कपडे बदल, चप्पल बाहेर. सोवळ्यातली कोंबडी झालीय!

सहाला फोन. आक्काचा आवाज बसलेला. "लाला, आवाज तरी ऐकीव की रं कोंबड्यांचा. करमंना."

"थांब, परसात जातो," म्हटलं आणि चालत राहिलो. परस संपलं. कुंपणापाशी गेलो. हुसेनबीच्या कोंबड्या अजून मोकळ्याच होत्या. फोन कुंपणावरून पलीकडे धरला. कॉक कॉक चाललेलं, त्यात तिचा कोंबडा आरवला!

मग आक्का म्हणाली, "बरं वाटलं."

खपलं. आयुष्यात पुष्कळ माल खपवलाय, पण असा घाम फुटला नव्हता.

१३ ऑक्टोबर

आजही मागितला आवाज. आजही ऐकवला. हुसेनबी नेमकी त्याच वेळी जोंधळं टाकत होती. नशीब! एरवी पाचलाच कोंडते. माझ्याकडे बघितलं नाही, काही विचारलं नाही. बरंच झालं.

१४ ऑक्टोबर

आज घरची भट्टी पेटवली. दरसाल दिवाळीला गावातल्या बायका मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन येतात, आपापली नानकटाई भाजून नेतात. कुणाची परात कुठली ते आक्काला पाठ. मला नाही. एकीची दुसरीला गेली. "लालाकाका, हे काय आमचं न्हवं, आमच्यात वेलदोडा होता!" — "अगं घिऊन जा, तुज्यापेक्षा बरी हाय तिची!" हसल्या सगळ्या. मीही.

मग आक्कासाठी एक घाणा केला. तूप हातानं फेसलं. ऋषिराज तिचे कपडे न्यायला आला होता, त्याच्याबरोबर डबा दिला. तो नीट बोलला नाही. उभ्या उभ्या चहा पिऊन गेला. माझा मुलगा आणि चहाबरोबर खारी नको म्हणाला.

१५ ऑक्टोबर

सहाला आक्काचा फोन. "नानकटाई खाल्ली. लय ग्वाड झाली रं. दोन खाल्ल्या."

जीव भांड्यात पडला. पण तिच्या मागे चाकांचा आवाज आला. फरशीवरून ढकलगाडी जाते तसा, एक चाक कुरकुरणारं. मग कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली.

"कुठं हायस गं?"

"ऋषीच्या गच्चीवर. वारं लय गार हाय."

फोन घेऊन कुंपणाकडे गेलो.

१६ ऑक्टोबर

उरलेली नानकटाई हुसेनबीला दिली. तिनं एक तोडली, चावली, थांबली. "लालाभाऊ, साखर इसरला व्हय?"

खाऊन बघितली. मैदा आणि तूप! पंचेचाळीस वर्षं हेच केलं, झोपेत उठवलं तरी प्रमाण चुकायचं नाही — आणि आख्ख्या घाण्यात साखर नाही.

लय ग्वाड झाली रं. दोन खाल्ल्या.

राजेश्वरीला फोन केला. म्हटलं, खरं सांग. आधी उंहू उंहू, मग रडली. "आवं, आठवडा झाला दवाखान्यातच हावोत. नाकातनं नळी घातलीया. पाणीबी तोंडानं जात न्हाई. आक्कांनी शपथ घातलीया, लालाला सांगायचं न्हाई म्हून. डबा उघडून नुसता वास घेतला त्यांनी. किती येळ धरून बसल्या हुत्या."

बेकरीवाल्याची बहीण. वास घेऊन बसली.

१७ ऑक्टोबर

निघालो होतो. काळीचं पाणी हुसेनबीला सांगितलं, पिशवी भरली, खंडाळ्याच्या स्टँडवर बसलो. सांगली गाडी आली. उठलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, चढताय का?"

चढलो नाही. समोर गेलो की पहिलं विचारणार, कोंबड्या कशा हायत? फोनवर कुंपण आहे. तिथं काय धरू तिच्या कानाशी?

दुसरी गाडीही गेली. घरी आलो. हुसेनबी म्हणाली, "आलासा?" एवढंच.

संध्याकाळी आक्का म्हणाली, "काळीला सोडून हिकडं यिऊ नगंस हां." हिला कुणी सांगितलं मी निघालो होतो म्हणून? कुणी नसेल सांगितलं. मनच खातंय मला.

१८ ऑक्टोबर

मूर्ख! मूर्ख!

फोनवर बोलायला काही सुचेना, म्हणून मेथीचं कौतुक केलं. खरंच बघण्यासारखी आलीय. "आक्का, या खेपेला वाफा भरून आलाय बघ! एक रोप उकरलेलं न्हाई!"

म्हणालो आणि जीभ चावली. वीस वर्षं ही बाई कोंबड्यांना शिव्या घालतेय, माझी मेथी उकरतात म्हणून. काट्या लावते, जाळी लावते, तरी अर्धा वाफा जातोच.

पलीकडे ढकलगाडीचं चाक कुरकुरत गेलं.

"बरं झालं की," आक्का म्हणाली. मग, "आवाज ऐकीव."

ऐकवला. हुसेनबी आज जरा जास्तच दाणे टाकत होती.

१९ ऑक्टोबर

वांग्यांचे शेंडे अळीनं खाल्ले. आक्का चुलीतली राखुंडी टाकते, ती कधी आणि किती — माहीत नाही. मला या घरातलं काहीच माहीत नाही. मी इथं जेवायचो फक्त.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

अंघोळ केली. एकट्यानं उटणं लावून काय करायचं?

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दुपारी राजेश्वरीचा फोन. "डॉक्टर म्हणाले, घरी न्या."

वीस दिवस या एका वाक्याची वाट बघत होतो. घरी न्या. मी "बरं बरं, आणा की!" म्हणालोसुद्धा. मग तिचा श्वास ऐकला आणि कळलं.

काही उपाय? नाही. मुंबई? पुणे? विचारलं तर म्हणाली, सगळं विचारून झालं. बाजारात मला कुणी "नाही" म्हटलं की मी खुर्ची ओढून बसतो. आता कुणासमोर बसू?

परवा सकाळी गाडी करून आणतायत. भाऊबीजेला.

२२ ऑक्टोबर, पाडवा

भट्टीजवळच्या उबेच्या खोलीत खाट घातली. खुराडं झाडलं. का झाडलं? रिकामं तर रिकामं. एकदा वाटलं, बाजारातून बारा कोंबड्या आणून सोडाव्यात, एक तांबडा कोंबडा बघून. शिरवळला मिळेल. पिशवी हातात घेऊन दारापर्यंत गेलो. मग स्वतःचीच लाज वाटली.

उद्या सांगणार. ती गाडीतून उतरली की पहिलं तेच.

संध्याकाळी अंघोळ करून काळीपाशी गेलो. हळूच एक अंडं काढून कानाला लावलं. कोळशाची रेघ गालाला लागली. आत टकटक. मग एकदम बारीक, चीं.

पुन्हा ऐकलं. चीं!

दुसरं लावलं. गप्प. तिसरं लावलं — आहे! अकरापैकी सहा बोलतायत. काळीनं हाताला करकचून चोच मारली. मार म्हटलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

आली. ऋषिराजनं दोन हातांवर उचलून आणली. एवढीशी. मी सांगितलं नाही. तोंड उघडलं आणि म्हणालो, "काळीची चार निघाली!" भुश्यासकट चौघं तिच्या पदरात ठेवली. बोटानं एकेकाची मान चाचपत बसली. परसाकडे तिनं बघितलंच नाही, विचारलं नाही. राजेश्वरीनं तबक धरलं, आक्कानं पडल्या पडल्या ओवाळलं, तिचा हात मी धरून फिरवला.

सहा वाजले. सवयीनं फोन घेऊन मी दाराकडे निघालो, मग भानावर आलो आणि तिथंच उभा राहिलो. मागून आक्काचा आवाज, पीठ चाळल्यासारखा बारीक —

"जा की रं. हुसेनबी दाणं घिऊन थांबली आसंल. आज तिला फोन करायचा ऱ्हायला माजा. रोज आदी तिला सांगत हुते, लाला कुंपणाकडं येतोय, तुज्या कोंबड्या कोंडू नगंस म्हून. पैल्याच दिशी कळलं मला. माजा तांबडा कदी सांजचा आरवलाय व्हय?"