पडद्याच्या अलीकडून

नुकुआलोफा, मंगळवार

प्रिय लोसाताई,

माझं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो: मी बरा आहे, मला वर्गातून काढलेलं नाही, आणि तू विणून दिलेली चटई अजून माझ्याच खोलीत आहे. फोन करता आला असता. पण तुमच्या घरात फोन सगळ्यांचा, आणि तुझा धाकटा पेनी आलेला प्रत्येक निरोप अंगणभर वाचून दाखवतो. शिवाय जे लिहायचं आहे ते मला तोंडाने बोलता येणार नाही. हा तिसरा कागद. पहिल्या दोनांवर खाडाखोड झाली होती.

आधी अभ्यासाचं सांगतो. आरोग्य सहायकाच्या वर्गात आम्ही अकरा जण आहोत आणि सगळ्यांत कमी शिकलेला मी. शिकवायला केलेसीबाई आहेत. तीस वर्षं नर्स होत्या. दर सोमवारी तोंडी परीक्षा घेतात. रक्तातल्या एकेका घटकाचं नाव पुकारायचं, आणि निरोगी माणसात तो किती ते आम्ही सांगायचं. पहिल्याच सोमवारी मी म्हणालो, "सोडियम एकशेचाळीसच्या जवळपास." बाई म्हणाल्या, "जवळपास माझी जाऊबाई राहते. मला आकडा सांग." तेव्हापासून मी हे आकडे चर्चच्या स्तोत्रांच्या क्रमांकांना बांधून ठेवतो. सोडियम म्हणजे एकशेपस्तिसाव्या स्तोत्रापासून एकशेपंचेचाळिसाव्यापर्यंत. हिमोग्लोबिन, ज्याला कागदावर नुसतं एचबी लिहितात, ते बायकांमध्ये एकशेपंधरा ते एकशेपंचावन्न. रस्त्याने चालताना मी मनात स्तोत्रं मोजत असतो आणि लोकांना वाटतं मुलगा फार धार्मिक आहे.

स्पेलिंगमध्ये मात्र मला कुणी हात लावू शकत नाही. 'हेमरेज'मधले दोन आर आणि त्यांच्यामागे दडलेला एच अख्ख्या वर्गात मी एकट्याने बरोबर लिहिला. शेजारी बसणारा तुपोऊ म्हणतो, "मानासे, तू मेलास ना, की स्वर्गाच्या दारावरच्या पाटीतल्या चुका काढत बाहेरच उभा राहशील." मी त्याला सांगितलं नाही की हे कुणी शिकवलं. मी बारा वर्षांचा झालो आणि रीतीप्रमाणे मुलांच्या झोपडीत झोपायला गेलो. त्यानंतर आपण दोघं एका खोलीत बसलो नाही. तू झाडाच्या सालीच्या कापडाच्या पडद्यापलीकडे केवड्याची पानं विणत बसायचीस आणि शब्द सांगायचीस. मी अलीकडे पाटीवर लिहायचो आणि पाटी पडद्याखालून सरकवायचो. चुकलेल्या अक्षराखाली खडूची बारीक रेघ मारून ती परत यायची. नववीत बाबांनी मला मळ्यात नेलं, शाळा सुटली, पण तुझी पाटी सुटली नाही.

इथेही ती रीत पाळतात. शरीराचे काही धडे सुरू करायच्या आधी केलेसीबाई पुस्तक मिटून विचारतात, "कोण कोणाचा भाऊ, बोला. बहिणीसमोर भावाने हे ऐकायचं नाही." सख्खे, चुलत, मामे, सगळे भाऊच. मग भावांनी उठून व्हरांड्यात जायचं. वर्गातली आने बाबांच्या आत्तेबहिणीच्या घरातली निघाली, त्यामुळे बायकांच्या आजारांचा अख्खा धडा मी व्हरांड्यात काढला. बाईंनी नंतर त्या धड्याचा कागद हातात ठेवला. "एकटा पाठ कर. परीक्षेत सूट नाही." त्यातली इंग्रजी संक्षेपाक्षरं मी कोरडेपणाने पाठ केली. मोठ्याने कधीच म्हटली नाहीत, त्यामुळे उच्चार बरोबर आहेत की नाहीत कोण जाणे.

गेल्या महिन्यात रक्त कमी होण्याचा धडा झाला. तो सगळ्यांसाठी होता. बाई म्हणाल्या, अशी माणसं पायऱ्या चढताना मध्येच थांबतात, कानात समुद्र घुमतो म्हणतात, आणि बऱ्याच जणांना बर्फ चावत बसायची सवय लागते. वर्ग हसला. मी हसलो नाही. नाताळात आलो होतो तेव्हा पडद्यापलीकडून दिवसभर कडाकड आवाज येत होता. मुलं म्हणत होती, "आई मासळीच्या पेटीतला पण बर्फ सोडत नाही." मला वाटलं, उकाडा आहे. चर्चमध्ये सगळे उभे राहून गात असताना तू मध्येच बसलीस, तेव्हा मला वाटलं, पहाटेपासून भट्टीत अळूच्या पानांतलं लू भाजून दमली असशील. धड्याच्या त्या दिवशी माझ्या वहीत पहिल्यांदा एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं.

आमच्याकडे दर शुक्रवारी तपासणीच्या चिठ्ठ्या वहीत उतरवायचं काम असतं. तुमच्या चर्चमधल्या बायकांचं रक्त घ्यायला इथून नर्स आल्या होत्या, त्यांच्या चिठ्ठ्या गेल्या शुक्रवारी माझ्या वाट्याला आल्या. नाव वाचायचं नाही, फक्त आकडा बघायचा, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. एका चिठ्ठीवर एचबी ६८ होतं. मी दोनदा पाहिलं. मग नाव पाहिलं. अडुसष्टावं स्तोत्र कोणतं ते मी अजून उघडून बघितलेलं नाही.

ताई, मी कुणाला सांगितलं नाही. तो इथला पहिला नियम आहे. मी चिठ्ठी घेऊन फक्त केलेसीबाईंकडे गेलो. त्यांनी तारीख पाहिली आणि म्हणाल्या, "याची एक प्रत तर तीन आठवड्यांपूर्वीच बेटावर गेली आहे." मग माझ्यासमोरच त्यांनी आपल्या आरोग्य केंद्रात फेआओला फोन लावला. मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. "लोहाच्या गोळ्या दिल्यास? छान केलंस. आणि रक्त जातंय कुठे ते विचारलंस?" मग पेनाने टेबलावर टकटक. "हो रे बाबा, चुलतभाऊ आहेस, कळलं. मग बायकोकरवी विचारायचंस." मग टकटक थांबली. "ऑकलंडला कधी गेली ती?" फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बाई, मीही भाऊच आहे." त्या म्हणाल्या, "दिसतंय. अख्खं बेट भावांनी भरलंय, आणि एकालाही प्रश्न विचारता येत नाही."

फेआओवर रागावू नकोस. त्याच्याकडच्या प्रतीवर त्या प्रश्नाच्या पुढची जागा त्याने कोरी सोडली, असं बाईंनी सांगितलं. त्याच्या जागी मी असतो तरी मीही तेच केलं असतं, फक्त ती जागा नीट पट्टी लावून आखली असती. आणि तू त्याला आपणहून काही सांगितलं नसशील हेही मला कळतं. गोळ्यांनी एवढी तूट भरत नाही, बाई म्हणतात. जे जातंय ते थांबल्याशिवाय तर नाहीच. हे असंच चाललं तर हृदयावर येतं, आणि त्याला फार महिने लागत नाहीत.

मी म्हणालो, तिला लिहू कसं, आपल्या भाषेतला एकही शब्द मला तिच्यासमोर काढता येत नाही. बाई म्हणाल्या, "मग आकडे लिही. त्यांना बहीण-भाऊ नसतात. बाकीचं मी लिहिते." म्हणून हे पत्र, उद्याच तिकडे येणाऱ्या बोटीने पाठवतो आहे. पाकिटात आणखी एक बंद पाकीट आहे. त्यात केलेसीबाईंनी त्यांच्या अक्षरात तुला काही प्रश्न विचारले आहेत. ते त्यांनी स्वतः चिकटवलं, मी वाचलेलं नाही. उत्तरं लिही, पुन्हा बंद कर, आणि गुरुवारच्या बोटीने ये. परवा ये, पुढच्या गुरुवारी नको. चटई अर्धी राहिली असेल तर राहू दे. धक्क्यावर केलेसीबाई असतील, मी नसेन. शुक्रवारी सकाळी त्या तुला डॉक्टरीणबाईंकडे नेतील. तुला रक्त चढवावं लागेल असं म्हणतात. त्यासाठी काल मी जाऊन एक पिशवी देऊन आलो. माझं एचबी १४९ भरलं. त्या आकड्याची मला लाज वाटली. पिशवीवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, त्यामुळे कुणाचं कुणाला गेलं ते तुलाही कळणार नाही आणि मलाही. वॉर्डात प्रत्येक खाटेभोवती पडदा आहे. मी अलीकडे बाकावर बसलेला असेन. जुनी पाटी आणली आहे. काही लागलं तर बोलायची गरज नाही, खालून सरकव.

तुझाच,
मानासे