न आलेली सम

शनिवार, १२ ऑगस्ट २०००

फिल्म क्लबात आज मुक्ता सोबत आली, तीही कुरकुरत. परवा ती नोकरीसाठी बंगलोरला जाणार. लहानपणी इतकी वर्षं गाणं शिकली नि सोडलं. ते सगळं पुसलं गेलं असेल का? दिवसभर हेच मनात.

सिनेमात नवरा घर सोडून गेलाय. बाई एकटी अंथरुणं घालते, मागे विलंबित ख्याल. अख्खं सभागृह मांडीवर ताल धरून बसलेलं, पुणंच ते! आणि ऐन समेला गाणं बंद. सगळ्यांचे हात शांततेवर पडले. काय धाडस त्या संगीतकाराचं! त्या बाईचं रितेपण मला तिथे कळलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, आवाज गेला वाटतं!"

"आवाज नाही, नवरा गेलाय. बसा," शेजारचे म्हणाले.

मी पाहिलं, मुक्ताचाही हात मांडीवर पडला होता.

रिक्षात म्हणाली, "आई, सम दिलीच नाही गं त्याने. छळ नुसता!"

आता ती आतल्या खोलीत बॅग भरतेय आणि तोच मुखडा गुणगुणतेय. समेपाशी येते नि थांबते. मी इकडे हात उचलून बसलेय.