खिशातलं वजन

५ जाने., सोम.
मानेवरच्या गाठीचं रेडिएशन, सिटिंग १०/३५. आज केमोही, त्यामुळे घरी करंजाड्याला परतेपर्यंत संध्याकाळ. घसा भाजलाय, पेजसुद्धा उतरत नाही. तोंडावर मास्क ठेवून टेबलाला क्लिपा लावतात, मान तसूभर हलत नाही. गिळायचं नाही ठरवलं की नेमकं गिळावंसं वाटतं. बाहेर बायको देवाचं नाव घेते, आत मी तिच्या नावाने बोटं मोडतो. तिनेच आणलं ना मला इथे.
वजन ५८, दोन किलो गेले. डॉ. मॅडम : "आणखी उतरलं तर नाकातून जेवणाची नळी, काका."

९ जाने., शुक्र.
सि. १४. आवाज पार गेला. घरात सगळं वहीत लिहून दाखवायचं. बाकड्यावर शेजारी नळीवाला एक जण बसतो. लोक त्याच्या तोंडाकडे बघतच नाहीत, नळीकडे बघतात. नको. तोंड बांधलंय तेवढं पुरे.

१२ जाने., सोम.
सि. १५, केमो. द्रोणागिरीच्या वजनकाट्यावर नोकरीत बावीस वर्षं काढली. ट्रेलरवाले मालाचं वजन लपवायला नाना युक्त्या करत, मी बरोबर पकडत असे. आज मीच. बायको, सुरेखा, पूर्वी मासळी विकायची, तिची लोखंडी वजनं माळ्यावर पडून होती. किलोची दोन स्वेटरच्या खिशांत. काटा ५८. सिस्टर खूश, "छान हं काका." लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

१९ जाने., सोम.
सि. २०. आता तीन वजनं, तिसरं कमरेला फडक्यात. पुन्हा ५८. केमोनंतर चक्कर, रिक्षात दोनदा उलटी. सु. म्हणते, "काटा ठीक हाय म्हनतान, मंग तुमची पँट का सरकते?" मी डोळे मिटून घेतले.

२० जाने., मंगळ.
सि. झालं नाही. टेक्निशियनने मास्क लावून हनुवटीखाली बोट घातलं, सहज गेलं. मॅडम आल्या. "वजन तेवढंच आणि मास्क सैल?" लगेच काट्यावर उभं केलं. वजन सोमवारचंच असतं, त्यामुळे खिसे रिकामे. ५५. मग वहीत लिहून दिलं, वजनं लपवली ते सगळं.
मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मान हलली की किरण गाठ सोडून भलतीकडे जातात, काका. आणि केमोचा डोस आम्ही वजनावरून काढतो."
सु. रिक्षात एवढंच म्हणाली, "बाजारात माज्या काट्यात कदी कोनी खोट काढली नाय. तुमी माजीच वजनं घेऊन मलाच फसवलंत." त्यानंतर बोलणं बंद.

२१ जाने., बुध.
नळी घातली. डोळ्यांतून पाणी आलं, दोन मिनिटांत संपलं. एवढ्यासाठी केलं सगळं? गाढव आहे मी.
मास्क नवा केला, सीटी स्कॅनही नवा. किरणांचा प्लॅन परत बनेपर्यंत सिटिंग बंद. सु. सिरिंजने पेज सोडते, मुकाट्याने.

२३ जाने., शुक्र.
मॅडमना लिहून विचारलं, मधल्या खंडाने काय होतं? "खंड पडणं चांगलं नाही. किती नुकसान झालं ते आत्ता नाही सांगता येणार." प्लॅन तयार झाला की फोन करणार.

२४ जाने., शनि.
फोन नाही. उद्या रविवार, परवा २६, सुट्टी. महिनाभर वाटत होतं, हे एकदाचं थांबावं. थांबलंय, आणि मला भीती वाटते. आज त्या टेबलाला बांधून टाका म्हटलं तर पळत जाईन.
सारखा मानेवरच्या गाठीला हात जातो. सकाळी मोठी वाटली, जेवणाच्या वेळी नाही वाटली. शेवटी सु.चा हात धरून गाठीवर ठेवला आणि वहीत लिहिलं, 'वाढली का?'
तिने बराच वेळ चाचपलं. मंगळवारनंतर पहिल्यांदा बोलली, "मना नाय समजत."
हात मात्र काढला नाही.