फाडून टाकायचे कागद

फरवानिया, कुवेत
रविवार

प्रिय तबस्सुम,

सलाम आणि खूप दुआ. फोन सोडून अब्बांना हे पत्राचं काय सुचलं, असं म्हणशील. फोनवर तू "हां अब्बा, बोला अब्बा" म्हणतेस आणि माझी गाडी जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, याच्या पुढे सरकत नाही. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलो त्याचा काही उपयोग करावा म्हणून लिहायला बसलो आहे. माझ्या खोलीत राहणारा लवू, तो मालवणचा सुतार, बुधवारी सुट्टीवर निघतोय. मुंबईत उतरल्यावर तो हे पाकीट तुझ्या होस्टेलवर आणून देईल. त्याला चहा पाज आणि दोन शब्द बोल, त्याने या खोलीत माझं बरंच सोसलं आहे.

आधी बातमी. डॉ. तैबा गेल्या महिन्यात वारल्या. तुमच्या अरबीच्या एम.ए.च्या वर्गात त्यांची एक कविता लागली आहे, हे तूच मला सांगितलं होतंस. त्या दिवशी मी कॉलेजात अशा ऐटीत फिरलो, जणू ती मीच लिहिली. चौदा वर्षं मी त्यांचा फर्राश होतो, म्हणजे आपल्याकडचा शिपाई. सकाळी खोली उघडायची, वेलचीचा कहवा करायचा, फायली इकडून तिकडे न्यायच्या. त्यांचे आजोबा समुद्रात बुडी मारून मोती काढायचे, आणि त्यांची नात कैरोला जाऊन शिकून आली, तीस वर्षं मुलांना हजार वर्षांपूर्वीचं काव्य शिकवत राहिली. स्वतःची सहा पुस्तकं लिहिली. मुलं त्यांना दकतूरा, म्हणजे डॉक्टरबाई, म्हणायची आणि टरकून असायची. मी रत्नागिरीकडचा हे कळलं तेव्हा म्हणाल्या, आजोबांच्या तोंडी हे गाव असायचं, त्यांच्या ओळखीचे नाखवे लाकूड भरायला तिकडे जात. त्यानंतर त्या माझ्याशी जरा जास्त बोलू लागल्या.

आता माझी अडचण सांगतो. त्यांचा मुलगा मिशारी गेल्या आठवड्यात कॉलेजात आला होता. आईचं मोठं पुस्तक काढतोय, तिच्या हातचा एखादा कागद कुणाकडे आहे का, असं प्रत्येकाला विचारत होता. मलाही विचारलं, फार अदबीने. मी म्हटलं, बघून सांगतो. गुरुवारी तो पुन्हा येणार आहे. आणि माझ्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत चौदा वर्षांचे कागद आहेत. एकूण एक कागद त्यांच्या हातचा, आणि एकूण एक त्यांनी मला फाडून टाकायला सांगितलेला.

बाई जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला हिरव्या शाईने लिहायच्या. एक ओळ दहा वेळा मोठ्याने म्हणत खोलीभर फिरायच्या, मग कागद चुरगाळून टोपलीत. एका कवितेला वीस-पंचवीस कागद सहज जायचे. निघताना मला सांगायच्या, उस्मान, हे फाडून टाक, कुणाच्या हाती लागायला नकोत. मी "हाजिर" म्हणायचो आणि टोपली उचलायचो. फाडायला एकदाही हात धजला नाही. आपल्याकडे अरबी अक्षराचा कागद कुणी टाकतं का, तूच सांग. लहानपणी मशिदीतले जीर्ण कागद कापडी पिशवीत भरून खाडीच्या तोंडाशी खोल पाण्यात सोडायचं काम माझ्याकडे होतं. चुकून एखादा पायाखाली आला तर मौलवीसाहेब कान पिळायचे. मदरशात अक्षरं शिकलो, अर्थ कुणी शिकवला नाही. त्यामुळे हिरव्या शाईत काय लिहिलंय ते मला कळायचं नाही, पण अक्षर तर तेच ना. मी तो कागद सरळ करायचो, कपाळाला लावायचो आणि खोलीवर आणायचो. पुढे खाडीत सोडू म्हणून ठेवले. इथे आपली खाडी कुठली आलीय, पेटी मात्र भरत गेली.

लवू म्हणायचा, "उस्मानभाय, ह्यां काय रद्दीचां दुकान मांडलास तुमी?" आमच्या विभागातला नबील, बाईंच्या कविता टाइप करणारा सिरियाचा क्लार्क, त्याने एकदा मला कागद कपाळाला लावताना पाहिलं आणि हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. म्हणाला, शेख उस्मान, यात बाईंनी त्यांच्या सासूला शिव्या दिल्या आहेत. मी ओशाळलो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. सवय जात नाही. मधे दोन वर्षं बाईंनी काही लिहिलं नाही. त्यांच्या एका कवितेवरून वर्तमानपत्रांत फार वाईटसाईट छापून आलं होतं. तेव्हा टोपली रिकामी दिसली की मला चुकल्यासारखं व्हायचं.

एक दिवस बाई विसरलेला चष्मा घ्यायला परत फिरल्या. मी टोपलीजवळ उकिडवा बसून कागद हाताने सरळ करत होतो. त्या दारात उभ्या राहिल्या, चष्मा उचलला आणि गेल्या. मला वाटलं, आता नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी निघताना पुन्हा तेच, उस्मान, हे फाडून टाक. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं की त्यांना खरंच काही समजलं नव्हतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. म्हणूनच डोकं चालत नाही. कागद मिशारीला द्यावेत तर मेलेल्या बाईचा शब्द मोडतो. न द्यावेत तर तिच्याच मुलापासून तिचं अक्षर लपवतो. नबील म्हणतो देऊन टाक, लवू म्हणतो गप्प बस. मी रोज पेटी बाहेर ओढतो आणि पुन्हा आत ढकलतो.

पण खरं सांगू, त्या सगळ्या पेटीचं मला एवढं भय नाही. एका कागदाचं आहे. सात वर्षांपूर्वीचा आहे तो. कागद सरळ करताना माझी बोटं थांबली, कारण त्यात एक शब्द मला ओळखू आला. अक्षर अक्षर लावून मी तो चार वेळा वाचला. नूरबानू. तुझ्या अम्मीचं नाव.

तबस्सुम, तुला मी सांगितलं होतं की अम्मीच्या शेवटच्या दिवसांत मला सुट्टी मिळाली नाही, पासपोर्ट कंपनीने अडकवून ठेवला होता. तू चौदा वर्षांची होतीस. तुझा विश्वास बसला. तू कंपनीला किती बोल लावलेस, आणि मी फोनवर ते सगळं ऐकून घेतलं. ते खोटं होतं. सुट्टीच्या अर्जावर डॉ. तैबांनी स्वतः सही आणली होती, तिकीटही त्यांनीच काढून टेबलावर ठेवलं होतं. लवूने मला विमानतळावर सोडलं. मी आत जाऊन बाकावर बसलो. त्याआधीच्या फोनवर अम्मी म्हणाली होती, केस गेलेत माझे, मला असं बघू नका. चार दिवसांनी, मी निघण्याआधीच, तिचाच फोन, या आता. यातलं कुठलं ऐकायचं म्हणून मी गोंधळलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण बेटा, मी भ्यालो होतो. वीस वर्षांच्या संसारात मी तिला एकंदर दीड-दोन वर्षंच पाहिली असेल, आणि जी मनात होती ती मला मोडायची नव्हती. विमान गेलं. मी बस पकडून फरवानियाला परत आलो. त्यानंतर ती नऊ दिवस होती.

लवूने हे कधी कुणाला सांगितलं नाही. कामावर परतलो तेव्हा बाई माझं सांत्वन करू लागल्या, मी जाऊन आलो असं समजून. मला ते सहन झालं नाही. कहवा ओतता ओतता मोडक्या अरबीत सगळं सांगून टाकलं. त्यांनी प्याला घेतला, थंड होईपर्यंत हातात धरून ठेवला. आठवड्याभराने तो कागद टोपलीत आला. बाकी कागदांवर खाडाखोड असायची, यावर एकही नाही. नबीलने वाचला आणि या खेपेला तो हसला नाही. म्हणाला, बाईंनी यापेक्षा चांगलं काही लिहिलेलं नाही. मग टाकला का? दुसऱ्याचं दुःख आपण छापायचं नाही म्हणून, की माझी लाज राखली, की माझं होतं ते मला परत केलं? त्यांना विचारायला सात वर्षं होती, आणि मी रोज फक्त कहवा देत राहिलो.

आता ठरवलं आहे, मिशारीला गुरुवारी पेटी देणार आणि बाई हे फाडायला सांगून गेल्या होत्या हेही सांगणार. पुढचं तो ठरवील. तो एक कागद मात्र या पाकिटात आहे. तू अरबी शिकलीस, तुला कुणा नबीलची गरज नाही. छापायला द्यायचा की फाडायचा, तू ठरव. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी मी तुला दोष देणार नाही. फक्त एक विचारायचं आहे, ज्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं. नबीलने सांगितलेल्या अर्थाप्रमाणे कवितेत नूरबानू नऊ दिवस दाराला कडी लावू देत नाही, आणि नवरा येईल असं कुणाला म्हणतही नाही. हे बाईंनी मनाने लिहिलं. मी बाकावरून उठून परत आलो, मला काय ठाऊक. त्या नऊ दिवसांत घरी तू होतीस. तिने माझी वाट पाहिली का, एवढं मला लिही. नसेल पाहिली तर तेही लिही.

तुझाच,
अब्बा