वारेसाठी खणलेला खड्डा

माय, तू गेलीस त्या दिवशी बाबांनी अंगणात निंबाजवळ खड्डा खणून ठेवला होता. बाळामागून वार पडली की ती घरच्याच मातीत पुरायची, म्हणजे लेकरू त्या मातीला धरून राहतं, असं आपल्याकडे मानतात. कुत्रं येऊ नये म्हणून मला खड्ड्यापाशी बसवलं होतं. आत भाऊ रडला, बाहेर गूळ वाटला गेला. मग दाईचा आवाज आला, "येऊन राहिली, येऊन राहिली, भेऊ नको बाई." ती ओढत होती. वार आली नाही. आतून लाल, जड लुगडी बाहेर येऊ लागली तेव्हा मला तिथून उठवलं. संध्याकाळी कुणीतरी तो खड्डा रिकामाच बुजवला.

आज सौसरला तुझ्या नातीची सोनोग्राफी झाली. आधीची दोन्ही बाळंतपणं ऑपरेशननं झालेली, हे तिसरं. डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. वार आणि गर्भपिशवीच्या मधे एक काळी रेघ दिसायला हवी, ती इथं नाही, म्हणाल्या. वार खाली, जुन्या टाक्यांवर बसलेली, भिंतीत रुतलेली दिसते, आणि तिच्यात काळी काळी भोकं. कळा सुरू व्हायच्या आधीच नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात, रक्ताची सोय करून ऑपरेशन करायचं. वार ओढायची नाही. कदाचित पिशवीच काढावी लागेल.

"पन बाळ कसं हाय?" विहीणबाईंनी विचारलं. बाळ चांगलं आहे, हे उत्तर आलं आणि त्यापुढचं त्या खोलीत कुणी ऐकलं नाही. सोनोग्राफी बाळाचीच असते, असं आपली माणसं धरून चालतात. बाई म्हणजे नुसती त्याच्याभोवतीची भिंत.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "मंग नागपूर कायले? पयले दोन इथंच झाले. शनिवारी जामसावळीच्या देवाले नारळ फोडू, मंग पाहू." मी कडाडले. बाईच्या पोटावर साऱ्या घराचा हक्क आणि तिच्या जिवाला कुणी वाली नाही, हे मी चौकाचौकांत बोलत आले आहे. "विहीनबाई, हे सभा नोहे," त्या म्हणाल्या. जावई हसला. तेव्हा मी खाली बसले आणि हळू आवाजात त्यांना तो खड्डा सांगितला. गूळ सांगितला, लुगडी सांगितली.  मग त्या लेकाला म्हणाल्या, "गाडी सांग."

गाडी लोधीखेड्याहून आम्हाला न्यायला निघाली आहे. आत्ताच लेकीला रक्ताचा डाग दिसला. दुखत नाही म्हणते, म्हणून विहीणबाईंना हायसं वाटलं. मला नाही; वार खाली असली की न दुखताच रक्त जातं. ती कुशीवर पडून आहे, हात पोटावर.

हा कागद माझ्या पर्समध्येच राहील, पाठवणार कुठं. साऱ्यांवर चिडले, पण सकाळपासून मीही त्या बाळाचं एकदासुद्धा विचारलं नाही. मला त्याचा राग येतो, माय. भावाचा आला होता तसाच.