पहाटेच्या पावतीची तारीख

प्रिय मिलिंद,

पत्र बघून दचकू नकोस, आबा बरे आहेत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

पहाटे दूध संकलन केंद्राचं शटर वर करतो तेव्हा हायवेवरच्या गाड्या सोडल्या तर उंब्रजमध्ये कुणी जागं नसतं. आपल्या वर्गातलं तर कुणीच उरलं नाही. शंभूराज सैन्यात, विश्वजीतचं दुकान मलकापुरात, तू बंगळूरला. दिवसभर लोक येतात, पण फॅट किती लागली एवढंच विचारतात. पहिली किटली मात्र रोज तुझ्या आबांची. दूध मापलं की मेसेज तुझ्या मोबाईलवर जातो, कारण खात्याला अजून तुझाच नंबर आहे. तुझी आई गेल्यावर तू आबांना म्हणालास, 'म्हैस विका नि माझ्याकडं चला', त्यावरून तुमचं बिनसलं, बोलणं थांबलं. नंबर तसाच राहिला. तू ते मेसेज उघडत असशील असं मला कधी वाटलंच नाही.

मग उन्हाळ्यात जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्यावर लिनक्स टाकून माणूस निघून गेला. दुसऱ्याच दिवशी आबा किटली घेऊन परतले आणि तुझा फोन आला. दोन वर्षांत पहिला. "रव्या, आबा आज आलं न्हाईत?" मी म्हटलं, "आत्ताच गेलं की रं." "मग मेसेजवर कालची तारीख कशी?" तू रोज मेसेज बघतोस हे मला तेव्हा कळलं, मिलिंद.

पावती बघितली तर खरंच कालची तारीख. घड्याळ साडेपाच तास मागं होतं. साडेपाचच्या आत आलेलं सगळं दूध कालच्या दिवसात जात होतं, आणि त्या वेळेआधी येणारे एकटे आबाच. मी हातानं वेळ पुढं केली, थोड्या वेळानं इंटरनेटनं ती परत मागं ओढली. हे ऐकून तू हसलास. म्हणालास, "घड्याळ बरोबर हाय गड्या, ते लंडनकडची वेळ दाखवतंय. ते उंब्रजात हाय हे त्याला कुणी सांगितलंच न्हाई." मग एकेक अक्षर सांगून तू माझ्याकडून टाइमझोनची कमांड लिहून घेतलीस. मी यादीत मुंबई शोधत बसलो, तर तू म्हणालास, आशियात कोलकाता बघ, अख्ख्या देशाला तेच. तरी पावती जुनीच निघाली. "आता दुधाचा प्रोग्राम बंद करून परत लाव, तो उठताना बघतो वेळ." लावला, आणि आजची तारीख आली. आपण दोघंही ओरडलो. कॉलेजात प्रॅक्टिकल चाललं की ओरडायचो तसं. मी विचारणार होतो, कसा आहेस, कधी येतोस, तेवढ्यात तू "झालं ना?" म्हणून फोन ठेवलास. त्यानंतर मी दोनदा केला, तू उचलला नाहीस. राग नाही. पण त्या दिवशी शटर ओढताना केंद्र फार मोठं वाटलं.

नव्या प्रोग्राममध्ये सगळ्यांचे नंबर तपासायचे होते. मी आबांना म्हटलं, आता तुमचा स्वतःचा फोन आहे, तो घालू का? ते किटलीचं झाकण लावत म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याचाच. मला कुटं वाचता येतंय? त्याला कळतंय तेवढं बास हाय." म्हणजे तू मेसेज बघतोस हे त्यांना ठाऊक होतं. तापात आलेले, पावसात किटलीवर पोतं टाकून आलेले, एक दिवस चुकला नाही. मला वाटायचं दुधासाठी.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आबांचे गुडघे गेलेत, धारेला बसवत नाही. म्हैस त्यांनी नात्यातल्या नानासोला दिली. येत्या सोमवारी तो न्यायला येणार. "मिलिंदला कळवू का?" म्हटलं, तर म्हणाले, "मेसेज बंद झाला की कळंल त्याला." त्यावरून तू काय भलतंच समजशील, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. म्हणून सांगतो, सोमवारनंतर मेसेज येणार नाही. तरी आबा असतील, ओट्यावर बसलेले, फोन शेजारी घेऊन. त्यांचा नंबर कागदाच्या मागं लिहिला आहे. पहाटे लाव, त्या वेळेला ते जागेच असतात.

तुझाच,
रविराज