चौथी बाटली आणि सुलोचनेचं नाक

अन्नपूर्णा, इंदूर
सोमवार, ८ डिसेंबर

चि. हृषीकेश यास अच्युतकाकाचे आशीर्वाद.

तू, सूनबाई आणि तिकडची थंडी सगळं बेतात असेल अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम, असं लिहून पुढे जाणार होतो, पण जमत नाही. काल सकाळी मला जो धक्का बसला तो उतरलेला नाही (रक्तदाब दोनदा मोजला, आकडे सांगत नाही, सूनबाई घाबरेल).

तू ठेवून गेलेल्या बाटल्या जिन्याखाली, लोणच्याच्या बरण्यांशेजारी, तू सांगितलंस तशा आडव्याच आहेत. ही रुके नावाच्या इटालियन द्राक्षाची लाल वाइन तिकडे लोक ताजी असतानाच संपवतात, मुरल्यावर तिचं काय होतं ते पाहायचंय, तेव्हा दर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एक बाटली उघडून चव कळवायची, हे काम तू मला दिलंस. मी छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं म्हणून दिलंस म्हणे. (आपल्या घरात द्राक्षासवापलीकडे कुणी गेलेलं नाही, हे विसरलास की मुद्दाम?) जाणकार लोक घोट तोंडात खेळवून थुंकतात असं तूच म्हणालास, म्हणून मी ते वॉशबेसिनपाशी उभा राहून करत आलो. पहिल्या वर्षी गुलकंदात कुणी मिरपूड टाकावी तशी लागली, आणि कच्च्या जांभळाने धरावी तशी जीभ धरली. दुसऱ्या वर्षी रुसलेल्या पाहुण्यासारखी गप्पच. मी 'बिघडली' असं कळवलंही होतं. तिसऱ्या वर्षी गुलाब परत आला, पण वाळलेला, आणि मागून जुन्या चामडी दप्तराचा वास. त्या दिवशी (हे तुझ्या वडिलांना कळवू नकोस) मी थुंकायला विसरलो. उरलेली वाइन दर वर्षी तुझी काकू मोरीत ओतते.

सुलोचनाकाकूचं तुला ठाऊकच आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला वास येईनासा झाला तो कायमचाच. डॉक्टर झाले, लवंगा हुंगून झाल्या. वासाबरोबर चवही गेली. तेव्हापासून ती अंदाजाने स्वयंपाक करते आणि मी तो खातो. आमटी कधी नुसतं मीठ, कधी नुसता हिंग. लग्नापासून रोज ताटात खोट काढणारा मी, पण एकदा तव्यावर पोळी जळून कोळसा झाली आणि ही शेजारी उभी असून हिला पत्ता नव्हता. तो चेहरा पाहिला, आणि त्या दिवसापासून मी प्रत्येक घासाला 'उत्तम' म्हणतो.

तर काल. बूच शेजारच्या बंटीने काढून दिलं (त्याचं नमकीनचं दुकान आहे). 'काकाजी, आप भी! गजब कर रिये हो भिया,' म्हणत तो गेला. म्हणजे संध्याकाळपर्यंत मी अर्ध्या अन्नपूर्णात दारुडा झालो. पेला नाकाशी नेतो तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, एवढे गुलाब कुठून आले? आणि मिरे कोण भाजून राह्यलंय?"

पेला सुटता सुटता राहिला. ती कणकेच्या हातांनीच बाहेर आली, पेला घेतला, डोळे मिटून हुंगला आणि, हृषी, प्यायली! खोकल्याचं औषधसुद्धा त्यात दारू नाही ना हे वाचून घेणारी बाई! वर म्हणाली, "गुलाब वाळलाय, पण वाया नाही गेला. संत्र्याची सालही आहे." मग गॅसवरची आमटी चाखून किंचाळली, "हे खाऊन राह्यले तुम्ही? चार वर्षं?" मी सवयीने 'उत्तम असते' म्हणालो. ती पदरात तोंड खुपसून उभी, खांदे गदगद हलतायत. मला काही रडू आवरेना.

तुझा,
अच्युतकाका

ता. क. खरं काम हे. नाक या वाइननेच उघडलं, आणि चौथी तर चार दिवसांत आंबेल, तेव्हा पाचवी बाटली आत्ताच उघडायची परवानगी दे. तुझा प्रयोग मोडेल, कळतं मला. पण हिचा वास पुन्हा गेला तर? मला फार भीती वाटते रे. रोज दोनच चमचे देईन.

ता. क. दुसरा. गच्चीवरच्या माझ्या सिगरेटचा वास अजून तिला आलेला दिसत नाही. तू बोलू नकोस. पत्र घडी घालून तिच्याकडे देतोय, ती आशीर्वाद लिहून पाकीट चिकटवेल. दुसऱ्याचं पत्र ती वाचत नाही.

चि. हृषीला काकूचे आशीर्वाद. घडी उघडली. पाचवी मुळीच उघडू देऊ नकोस, तिला अजून वर्ष हवंय. मला वास गेल्या डिसेंबरातच आला, तिसरी बाटली मोरीत ओतायला गेले तेव्हा. मग ओतली नाही. कपाटात ठेवून रोज चाखली. तिसऱ्या दिवशी सगळ्यात छान लागली, तेवढं तुझ्याकडे लिहून घे. ह्यांना सांगितलं नाही, कारण चाळीस वर्षांनी हे माझ्या हातचं उत्तम म्हणायला लागले होते. माझी आमटी आधी वाटीत काढून घ्यायची, मग ह्यांच्या आमटीत मुद्दाम जास्तीचं मीठ. काल ते गुलाब इतके सुरेख झाले होते की तोंडातून निघूनच गेलं. पदराआड मी हसत होते, पण ह्यांचे डोळे पाहिले आणि हसू पळालं. सिगरेटचा वास वर्षभर येतोय.

आज आमटीत मीठ अगदी बेताचं घातलं. पहिला घास घेऊन म्हणाले, जरा अळणी झालीय.